कॉम्पॅक्ट मोटारगाड्या, अमेरिकन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० नंतर तयार होऊ लागलेल्या, तेथील प्रचलित मोठ्या गाड्यांहून आखूड, हलक्या व स्वस्त प्रवासी मोटारगाड्यांचा वर्ग. १९७० पासून यांहूनही लहान अशा ‘सबकॉम्पॅक्ट’ गाड्यांचा उपवर्ग मानला जाऊ लागला. या दोन्ही प्रकारांतील काही गाड्या सदोष रचना व निकृष्ट बांधणी यांमुळे कुप्रसिद्ध झाल्या. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेअर, व्हेगा व सायटेशन, फोर्ड कंपनीची पिंटो, अमेरिकन मोटर्सच्या ग्रेमलिन व पेसर आणि क्रायस्लरच्या ॲस्पेन व व्होलारे ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. त्यांच्यामुळे रस्त्यावर माणसे दगावली, न्यायालयांत गाजलेले खटले उभे राहिले आणि वाहन-सुरक्षेच्या कायद्यांना चालना मिळाली. तथापि या गाड्यांचे लोकस्मृतीत उरलेले चित्र शासकीय व न्यायालयीन नोंदींशी सर्वत्र जुळत नाही. काही दोष निर्विवादपणे सिद्ध झाले, काहींचे स्वरूप वाढवून सांगितले गेले, तर काही खरे दोष विस्मरणात गेले. या साऱ्या गाड्यांना जोडणारा समान धागा तांत्रिक अज्ञानाचा नाही. किंमत, वजन व बाजारात आणण्याची तारीख आधी ठरवावयाची आणि रचना व चाचणी त्या चौकटीत बसवावयाची, ही व्यावसायिक पद्धती त्यांच्या मुळाशी होती. [⟶ मोटारगाडी].

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मोटारगाड्यांचा आकार वर्षागणिक वाढत गेला. १९५९ सालची शेव्हरोले इम्पाला सु. ५३६ सेंमी. लांब होती, तर त्याच काळातील फोक्सवॅगनची ‘बीटल’ सु. ४०७ सेंमी. लांब होती. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद आणि मध्यमवर्गाची मिळकत वाढती असल्यामुळे मोठ्या गाडीला मागणी होती. उत्पादकांनाही तीच सोयीची होती, कारण मोठी गाडी तयार करण्यास लहान गाडीपेक्षा खर्च थोडाच अधिक येई, मात्र तिची किंमत पुष्कळच अधिक मिळे. लहान गाडीत नफाही लहानच, ही धारणा डिट्रॉइटमध्ये रूढ झाली होती.

नॅश कंपनीने १९५० मध्ये ‘रॅम्बलर’ ही लहान गाडी बाजारात आणली. १९५४ मध्ये नॅश व हडसन या कंपन्यांच्या विलीनीकरणातून अमेरिकन मोटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे प्रमुख जॉर्ज रॉम्नी यांनी मोठ्या गाड्यांवर जाहीर टीका करून ‘कॉम्पॅक्ट’ ही संज्ञा लोकप्रिय केली. याच सुमारास यूरोपीय गाड्यांची आयात वाढू लागली. १९५५ मध्ये देशातील एकूण विक्रीत आयात गाड्यांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी होता. १९५९ मध्ये तो सु. १० टक्के झाला आणि त्या वर्षी सहा लाखांहून अधिक परदेशी गाड्या विकल्या गेल्या. तेव्हा जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी १९५९ च्या शरद ऋतूत अनुक्रमे कॉर्व्हेअर, फाल्कन व व्हॅलिअंट या गाड्या विक्रीस आणल्या. फाल्कन व व्हॅलिअंट या नेहमीच्याच गाड्यांच्या लहान आवृत्त्या होत्या. त्या टिकाऊ ठरल्या व खपल्याही भरपूर. यावरून लहान गाडी चांगल्या प्रतीची करणे अमेरिकन अभियंत्यांना अशक्य नव्हते, हे स्पष्ट होते.

कॉर्व्हेअर : ही तिन्हींपैकी सर्वांत धाडसी रचना होती. शेव्हरोले विभागाचे प्रमुख एड कोल यांच्या पुढाकाराने ती सिद्ध झाली. तिचे सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे ॲल्युमिनियमचे एंजिन मागील बाजूस बसविलेले होते. त्यामुळे गाडीच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग मागील चाकांवर पडे. मागील आस दोन भागांचा असून त्याचे अर्धे भाग फक्त आतील टोकाशी सांध्यावर हलत. वेगाने वळण घेताना बाहेरील चाक आत दुमडून जाण्याची व गाडीचा मागील भाग घसरण्याची शक्यता अशा रचनेत असते. ती टाळण्यासाठी कंपनीने पुढील टायरांत दर चौ. इंचास १५ पौंड व मागील टायरांत २६ पौंड दाब ठेवण्याची शिफारस केली होती. ही तफावत बहुसंख्य मालकांना व पेट्रोलपंपांवरील नोकरांना ठाऊक नव्हती आणि ठाऊक असणे अपेक्षितही नव्हते. गाडी पुढील बाजूस एका कडेला कलू नये म्हणून लावावयाचा स्थिरकारी दांडा खर्च वाचविण्यासाठी मूळ रचनेतून गाळण्यात आला होता. तो १९६४ च्या गाड्यांत कायमचा बसविण्यात आला आणि १९६५ मध्ये मागील चाकांची योजना पूर्णपणे बदलण्यात आली.

राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरसंबंधी होते. म्हणजे गाडीवर ग्रंथरूपाने आक्षेप घेतला गेला, तेव्हा तिचा मुख्य दोष नव्या गाड्यांतून दूर झालेला होता. रस्त्यावरील लक्षावधी जुन्या गाड्यांत मात्र तो कायम होता. जनरल मोटर्सने नेडर यांच्या खाजगी आयुष्याची माहिती काढण्यासाठी गुप्तहेर नेमले. ही गोष्ट उघडकीस आल्यावर कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना २२ मार्च १९६६ रोजी सिनेटच्या उपसमितीसमोर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा अधिनियमावर स्वाक्षरी केली. वाहनांची सुरक्षा-मानके ठरविण्याचा अधिकार यामुळे प्रथमच संघशासनाकडे आला. नेडर यांनी खाजगीपणाच्या भंगाबद्दल लावलेला दावा १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरांवर मिटला.

सु. १८ लाख गाड्या तयार झाल्यानंतर मे १९६९ मध्ये कॉर्व्हेअरचे उत्पादन थांबले. पुढे शासनाच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९६० ते १९६३ या काळातील कॉर्व्हेअरच्या चाचण्या घेतल्या. वळणांवरील वर्तनात ती तत्कालीन इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. याउलट, गाडी उबदार ठेवणाऱ्या योजनेतून एंजिनाचे दूषित वायू आत शिरण्याचा दोष खरा होता. त्याबद्दल १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मालकांना सावधगिरीची पत्रे पाठवावी लागली. हा दोष आज क्वचितच कोणाच्या स्मरणात आहे.

ग्रेमलिन व पेसर : १९६० च्या दशकाच्या अखेरीस बीटलबरोबरच जपानी गाड्याही अमेरिकन बाजारात स्थिरावू लागल्या. त्यांना उत्तर म्हणून अमेरिकन मोटर्सने १ एप्रिल १९७० रोजी ग्रेमलिन विक्रीस आणली. रिचर्ड टीग यांच्या आराखड्यानुसार कंपनीच्या हॉर्नेट या गाडीचा मागील भाग छाटून ती सिद्ध करण्यात आली होती. दोन आसांमधील अंतर १०८ इंचांवरून ९६ इंचांवर आणण्यात आले, परंतु लांब पुढील भाग व सहा सिलिंडरांचे जड एंजिन तसेच ठेवले गेले. परिणामी गाडी आखूड झाली तरी तिचा हलकेपणा बेताचाच राहिला आणि मागील आसन अतिशय अडचणीचे झाले. अल्प भांडवलाच्या कंपनीने दोन प्रबळ प्रतिस्पर्ध्यांच्या आधी बाजारात पोहोचण्यासाठी काढलेला हा मार्ग होता. विक्रीच्या दृष्टीने तो बऱ्याच अंशी यशस्वीही ठरला.

१९७५ मधील पेसरचे अपयश मात्र वेगळ्या कारणाने झाले. जनरल मोटर्सकडून मिळणाऱ्या लहान व हलक्या वांकेल एंजिनासाठी ती आखलेली होती. जनरल मोटर्सने ते एंजिन रद्द केल्यामुळे अमेरिकन मोटर्सला आपलेच जुने, जड एंजिन तिच्यात बसवावे लागले. रुंद बांधा व काचेचा मोठा पृष्ठभाग यांमुळे गाडीचे वजन आधीच वाढले होते. इंधन वाचविण्याच्या काळात आलेली ही लहान गाडी त्यामुळे पुरेशी काटकसरी ठरली नाही व १९८० पर्यंत तिचे उत्पादन संपुष्टात आले.

व्हेगा : शेव्हरोले विभागाने सप्टेंबर १९७० मध्ये व्हेगा विक्रीस आणली. ‘मोटर ट्रेंड’ या नियतकालिकाने १९७१ ची सर्वोत्कृष्ट गाडी म्हणून तिची निवड केली होती. तिच्या २.३ लिटर एंजिनाचा ठोकळा सु. १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. सिलिंडरांत बिडाचे अस्तर न घालता, रासायनिक प्रक्रियेने सिलिकॉनचे कठीण कण पृष्ठभागावर उघडे करून त्यांवर दट्ट्या सरकावा, अशी कल्पना होती. कल्पना चुकीची नव्हती. असे सिलिंडर पुढे अन्य उत्पादकांनी यशस्वीपणे वापरले. परंतु व्हेगात या ठोकळ्यावर बिडाचे जड शीर्ष बसविले होते आणि शीतन-यंत्रणा तोकडी होती. एंजिन तापले की ठोकळा विकृत होई, सिलिंडरांचा पृष्ठभाग खरवडला जाई व गाडी तेल जाळू लागे. पुढील मडगार्डांच्या आतील पोकळ्यांत गंजरोधक लेप नीट पोहोचत नसे. त्यामुळे थंड प्रदेशात, जेथे रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात तेथे, थोड्याच वर्षांत त्यांना भोके पडत. १९७२ मध्ये मागील आसाच्या व कार्ब्युरेटरच्या दोषांमुळे लाखो व्हेगा दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या.

व्हेगाच्या वाहतुकीतही काटकसरीचा असाच अट्टहास होता. ‘व्हर्ट-ए-पॅक’ या नावाच्या रेल्वेडब्यांत गाड्या नाक खाली करून उभ्या टांगल्या जात. त्यामुळे एका डब्यात ३० गाड्या मावत. या अवस्थेत तेल व इतर द्रव सांडू नयेत यासाठी एंजिनात व बॅटरीत खास योजना कराव्या लागल्या. येथे मात्र अभियंत्यांनी दिलेले काम चोख बजावले. वाहतुकीचा खर्च वाचविण्यासाठी जेवढी कल्पकता दाखविली गेली, तेवढी एंजिन थंड ठेवण्यासाठी दाखविली गेली नाही.

व्हेगा ज्या कारखान्यात तयार होई तो ओहायओ राज्यातील लॉर्डस्टाउनचा कारखाना तत्कालीन अमेरिकेतील अत्याधुनिक कारखाना समजला जाई. अन्यत्र ताशी सु. ६० गाड्या पुढे सरकत असताना तेथील जुळणीमार्ग ताशी १०० गाड्यांच्या वेगासाठी आखलेला होता. याचा अर्थ प्रत्येक कामगाराच्या वाट्याला एका गाडीमागे सु. ३६ सेकंद येत. १९७१ च्या अखेरीस कारखान्याचे व्यवस्थापन जनरल मोटर्सच्या जुळणी विभागाकडे गेल्यावर कामगारांची संख्या घटविण्यात आली आणि उरलेल्यांवर कामाचा भार वाढला. अपुऱ्या जुळणीच्या गाड्या मार्गावरून बाहेर पडू लागल्या. कामगार मुद्दाम गाड्या बिघडवितात असा आरोप व्यवस्थापनाने केला, तर एवढ्या वेळात काम पूर्ण होऊच शकत नाही असे कामगारांचे म्हणणे होते. मार्च १९७२ मध्ये तेथे सु. तीन आठवड्यांचा संप झाला. संपाचा प्रश्न मजुरीचा नसून कामाच्या वेगाचा व माणुसकीचा होता, म्हणून औद्योगिक संबंधांच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे. सदोष गाडीचे खापर कामगाराच्या आळसावर फोडण्याची प्रवृत्ती पुढेही दिसून येते. लॉर्डस्टाउनचे उदाहरण त्या प्रवृत्तीला छेद देणारे आहे. तापणारे एंजिन व गंजणारे मडगार्ड यांचा निर्णय जुळणीमार्गावर झालेला नव्हता. सु. वीस लाख व्हेगा तयार झाल्यावर १९७७ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले.

पिंटो : फोर्ड कंपनीची पिंटो ही व्हेगाच्याच महिन्यात विक्रीस आली. कंपनीचे तत्कालीन उच्चाधिकारी ली आयकोका यांनी २,००० पौंडांहून कमी वजन व २,००० डॉलरांहून कमी किंमत ही मर्यादा घालून दिली होती. गाडीच्या आखणीला व तयारीला नेहमीपेक्षा पुष्कळच कमी अवधी देण्यात आला. तिची पेट्रोलची टाकी मागील आसाच्या मागे होती. ही जागा त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांत तीच असे. पिंटोत मात्र टाकी व आस यांमध्ये केवळ नऊ-दहा इंचांचे अंतर होते. मागून जोराची धडक बसल्यास टाकी पुढे ढकलली जाऊन आसावरील डिफरन्शियलच्या बोल्टांवर आपटे व फुटे. इंधन भरण्याची नळीही उपटली जाण्याचा संभव असे. कंपनीने स्वतः केलेल्या चाचण्यांत ताशी सु. ३४ किमी. वेगाच्या धडकेतही टाकी फुटल्याचे आढळले होते. यावरील उपायांचे खर्च कंपनीला ठाऊक होते. न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यानुसार त्यांपैकी काही उपाय दर गाडीमागे दोन ते आठ डॉलरांचे होते. टाकी आसाच्या वर बसवून तिला संरक्षक अडसर लावण्यास ९.९५ डॉलर खर्च आला असता.

मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात महामार्गावर बंद पडलेल्या पिंटोला मागून येणाऱ्या गाडीने धडक दिली. पिंटोने पेट घेतला. चालक स्त्री मरण पावली व तिच्यासोबतचा तेरा वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. या प्रकरणी ज्यूरीने फेब्रुवारी १९७८ मध्ये मुलाला २५ लाख डॉलरांची नुकसानभरपाई व त्याशिवाय १२.५ कोटी डॉलरांची दंडात्मक भरपाई मंजूर केली. न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम ३५ लाख डॉलरांवर आणली आणि अपील न्यायालयाने १९८१ मध्ये ती कायम केली. दरम्यान मार्क डाउई यांचा पिंटोविषयीचा लेख ‘मदर जोन्स’ या नियतकालिकात १९७७ मध्ये प्रसिद्ध होऊन देशभर खळबळ उडाली होती. जून १९७८ मध्ये फोर्डने १९७१ ते १९७६ या काळातील सु. १५ लाख पिंटो व तिच्याच जातीच्या मर्क्युरी बॉबकॅट गाड्या परत मागविल्या. त्यांच्या टाकीपुढे प्लॅस्टिकची ढाल व अधिक लांबीची भरण-नळी बसविण्यात आली. ऑगस्ट १९७८ मध्ये इंडियाना राज्यात पिंटोला झालेल्या अपघातात तीन मुली जळून मृत्यू पावल्या. राज्याने कंपनीवरच बेपर्वाईने मनुष्यवध केल्याचा फौजदारी आरोप ठेवला. सदोष उत्पादनामुळे एवढ्या मोठ्या कंपनीवर असा खटला चालण्याचा प्रसंग अभूतपूर्व होता. १३ मार्च १९८० रोजी ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरविले.

पिंटोच्या संदर्भात सर्वाधिक उद्धृत होणारा दस्तऐवज म्हणजे फोर्डमध्ये १९७३ मध्ये तयार झालेले खर्च व लाभ यांचे टिपण होय. त्यात एका मानवी मृत्यूची किंमत २,००,००० डॉलर, भाजण्याच्या गंभीर इजेची ६७,००० डॉलर व जळालेल्या गाडीची ७०० डॉलर धरली होती. १८० मृत्यू, १८० इजा व २,१०० गाड्या वाचविल्यास सु. ४.९५ कोटी डॉलरांचा लाभ होईल, तर १.२५ कोटी वाहनांवर प्रत्येकी ११ डॉलर खर्चण्यास सु. १३.७ कोटी डॉलर लागतील, असा त्यातील हिशेब होता. फोर्डने पिंटोचे बळी मोजून त्यांना मरू देणे पतकरले, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. वस्तुतः हे टिपण पिंटोविषयी नव्हते आणि मागून बसणाऱ्या धडकेविषयीही नव्हते. देशातील सर्व कंपन्यांच्या गाड्या व लहान मालमोटारी उलटल्यास होणाऱ्या इंधनगळतीसंबंधीच्या प्रस्तावित नियमावर शासनाला सादर करण्यासाठी ते तयार झाले होते. त्यातील दोन लाख डॉलरांचा आकडाही शासकीय संस्थेनेच काढलेला होता. कायद्याचे प्राध्यापक गॅरी श्वार्ट्झ यांनी १९९१ मध्ये या प्रकरणाची फेरतपासणी केली. एकूण प्राणहानीच्या बाबतीत पिंटो तिच्या आकाराच्या इतर गाड्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती, तथापि मागून धडक बसून आग लागण्याच्या बाबतीत ती खरोखरच वाईट होती, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे टिपणाविषयीची कथा बव्हंशी चुकीची ठरते, टाकीविषयीचा आक्षेप मात्र खरा उरतो. प्रचलित स्मृतीत या दोहोंची सरमिसळ झालेली आहे. मागील धडकेसंबंधीचे शासकीय मानक १९७७ च्या गाड्यांपासून लागू झाले आणि त्याला अनुसरून पिंटोतही बदल करण्यात आले. तीस लाखांहून अधिक पिंटो तयार झाल्यावर १९८० मध्ये तिचे उत्पादन बंद झाले.

तेलसंकटानंतरच्या गाड्या : ऑक्टोबर १९७३ मधील अरब राष्ट्रांच्या तेलबंदीनंतर काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत सु. चौपट झाली. डिसेंबर १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधन-वापरावर बंधन घातले. १९७८ साली एका गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल, अशी उद्दिष्टे ठरली. तोपर्यंत ऐच्छिक असलेली लहान गाडी आता अनिवार्य झाली. क्रायस्लरने १९७६ च्या हंगामासाठी आणलेल्या ॲस्पेन व व्होलारे या गाड्या पूर्वीच्या टिकाऊ व्हॅलिअंट व डार्ट गाड्यांच्या जागी आल्या होत्या. त्यांची पुढील मडगार्डे अल्पकाळात गंजू लागली, एंजिने अवेळी बंद पडू लागली आणि गाड्या वारंवार परत मागवाव्या लागल्या. व्हॅलिअंटने दीड दशकात मिळविलेला विश्वास तिच्या वारसांनी दोन-तीन वर्षांत गमावला. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येण्यास इतर कारणांबरोबर हेही एक कारण झाले. १.५ अब्ज डॉलरांच्या कर्जास शासनाने हमी देणाऱ्या कायद्यावर जानेवारी १९८० मध्ये स्वाक्षरी झाली.

जनरल मोटर्सने एप्रिल १९७९ मध्ये शेव्हरोले सायटेशन व तिच्या तीन भगिनी-गाड्या विक्रीस आणल्या. आडवे एंजिन व पुढील चाकांना शक्ती देणारी यंत्रणा ही अमेरिकन गाड्यांत तेव्हा नवीनच होती. पहिल्याच हंगामात आठ लाखांहून अधिक सायटेशन विकल्या गेल्या. जोराने ब्रेक लावल्यास मागील चाके अडकून गाडी फिरते, अशा तक्रारी मात्र लवकरच येऊ लागल्या. संघशासनाने १९८३ मध्ये १९८० सालच्या सु. ११ लाख गाड्या परत मागविण्यात याव्यात म्हणून दावा लावला. १९८७ मध्ये न्यायालयाने तो कंपनीच्या बाजूने निकालात काढला. पण ग्राहकांनी निकालाची वाट पाहिली नव्हती. विक्री झपाट्याने घसरून १९८५ मध्येच गाडी बंद करण्यात आली होती.

जपानी स्पर्धा व तुलना : या काळात टोयोटा, निस्सान व होंडा यांच्या गाड्यांनी अमेरिकन बाजारात खोलवर पाय रोवले. १९८० मध्ये एकूण विक्रीचा एक-चतुर्थांशाहून अधिक वाटा आयात गाड्यांकडे गेला. १९८१ मध्ये जपानने वर्षाला १६.८ लाख गाड्यांची निर्यात-मर्यादा स्वेच्छेने स्वीकारली. जपानी गाड्या सर्वथा निर्दोष होत्या, असे नाही. होंडाच्या गाड्यांची पुढील मडगार्डेही गंजत आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. मात्र लहान गाडी हेच जपानी कंपन्यांचे प्रमुख उत्पादन होते. तिच्यावरच कंपनीची पत अवलंबून असल्यामुळे दोष आढळताच पुढच्या आवृत्तीत तो काढून टाकण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. अमेरिकन कंपन्यांत मात्र दोष निघेपर्यंत गाडीची बदनामी होई आणि तो दूर होईपर्यंत गाडीच बंद होई. १९७६ मध्ये व्हेगाच्या एंजिनात सुधारणा करून त्यावर पाच वर्षांची हमी देण्यात आली, पण पुढच्याच वर्षी गाडीचे उत्पादन थांबले.

अमेरिकन कामगार चांगली लहान गाडी बनवू शकत नाही, हा समज कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे खोटा ठरला. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना गैरहजेरी व निकृष्ट कामासाठी बदनाम होता व १९८२ मध्ये तो बंद करण्यात आला होता. टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या संयुक्त कंपनीने १९८४ मध्ये तो पुन्हा सुरू केला आणि बहुसंख्य कामगार पूर्वीचेच घेतले. दोष दिसताच जुळणीमार्ग थांबविण्याचा अधिकार तेथे प्रत्येक कामगाराला देण्यात आला. थोड्याच काळात तेथील गाड्यांची प्रत जपानी गाड्यांच्या बरोबरीची झाली. माणसे तीच होती, बदलली होती ती कामाची पद्धत. लॉर्डस्टाउनमध्ये एका तपापूर्वी कामगार जे सांगत होते, त्याला मिळालेला हा उशिराचा दुजोरा होता. हा धडा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत मात्र संथपणे व अपुरा पोहोचला.

परिणाम व मूल्यमापन : या गाड्यांच्या इतिहासातून दोन भिन्न प्रकारचे वारसे निर्माण झाले. पहिला सार्वजनिक सुरक्षेचा. १९६६ मध्ये अमेरिकेत रस्ते-अपघातांत ५०,००० हून अधिक लोक मरण पावले व दर दहा कोटी मैलांच्या वाहनप्रवासामागे मृत्यूंचे प्रमाण पाचाहून अधिक होते. २०१० नंतरच्या दशकात ते एकाहून थोडेच अधिक राहिले. याचे श्रेय रस्ते, वैद्यकीय उपचार, आसनपट्टे, मद्यपी चालकांविरुद्धचे कायदे अशा अनेक गोष्टींना आहे. तथापि कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी पुरेशी सुरक्षित असावी आणि दोष निघाल्यास उत्पादकाने तो स्वखर्चाने दूर करावा, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना याच वादांतून दृढ झाली.

दुसरा वारसा अविश्वासाचा. तरुणपणी पहिली गाडी म्हणून व्हेगा, व्होलारे वा सायटेशन घेतलेल्या अनेक कुटुंबांनी पुढची गाडी जपानी घेतली व ती सवय पुढील पिढीपर्यंत टिकली. सर्वांत स्वस्त गाडी घेणारा ग्राहक हा बहुधा सर्वांत कमी ऐपतीचा असतो. गाडीचा दोष सोसण्याची त्याची शक्तीही सर्वांत कमी असते. उत्पादकांनी चाचणीचा जो खर्च वाचविला, तो दुरुस्ती, गंज, मनस्ताप व प्रसंगी प्राणहानी यांच्या रूपाने या वर्गाच्या वाट्याला आला. हे प्रकरण केवळ भूतकाळात जमाही झाले नाही. लॉर्डस्टाउनमध्येच तयार होणाऱ्या शेव्हरोले कोबाल्ट व तिच्या जातीच्या लहान गाड्यांत एंजिन सुरू करण्याची किल्ली-कळ सदोष होती. गाडी चालू असताना ती आपोआप बंद स्थितीत सरके व अपघातसमयी हवेच्या संरक्षक पिशव्या फुगत नसत. कंपनीतील काही लोकांना या दोषाची माहिती अनेक वर्षे असूनही गाड्या २०१४ मध्येच परत मागविण्यात आल्या. कंपनीने स्थापन केलेल्या भरपाई-निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. लॉर्डस्टाउन कारखान्यातील जनरल मोटर्सचे उत्पादन मार्च २०१९ मध्ये थांबले. फोर्डने त्याआधीच, २०१८ मध्ये, उत्तर अमेरिकेतील आपल्या बहुतेक लहान गाड्या बंद करण्याचे जाहीर केले होते.

या गाड्यांपैकी कॉर्व्हेअरला आज सर्वाधिक चाहते लाभले आहेत. तिच्या मालकांची संघटना उत्पादन थांबले त्याच वर्षी स्थापन झाली होती. कनेक्टिकट राज्यातील विन्स्टेड या नेडर यांच्या जन्मगावी २०१५ मध्ये उघडलेल्या नागरी हानिविषयक कायद्याच्या संग्रहालयातही एक तांबडी कॉर्व्हेअर ठेवलेली आहे. पिंटो व्यवसायनीतीच्या पाठ्यपुस्तकांत उरली आहे. वीस लाख तयार होऊनही व्हेगा क्वचितच दृष्टीस पडते, कारण बहुतेक गाड्या गंजून केव्हाच भंगारात गेल्या. टिकलेली गाडी व गाजलेला खटला यांच्या आधारे लोकस्मृती आकार घेते. या वर्गाचा इतिहास लिहिताना मात्र जी गाडी उरली नाही आणि जी तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचली नाही, त्यांचीही दखल घेणे आवश्यक ठरते.